काचेतल्या खोलीचा नकाशा

४ फेब्रुवारी, मंगळवार

मीठ सापडलं नाही म्हणून ही रडली. मीठ!

झालं असं — निवृत्त होऊन दोन महिने झाले, बसून बसून अंग आंबलं होतं. म्हणून स्वयंपाकघर हातात घेतलं. चौतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होतो, अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे काढले, एक ओटा म्हणजे काय मोठं! काल ही बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात सगळं उरकलं. डबे उंचीप्रमाणे, पातेली व्यासाप्रमाणे. प्रत्येक डब्यावर माझ्या अक्षरात चिठ्ठी. बाहेरची खोलीही सोडली नाही. सोफा खिडकीकडे, टीपॉय मधोमध, हिचं शिलाई मशीन कोपऱ्यात. मशीन तसंही झाकलेलंच असतं. लोकांचे कपडे शिवायचं हिनं सहा महिन्यांपूर्वी बंद केलं. कंटाळा आला म्हणाली.

म्हटलं, खूश होईल. आज सकाळी भाजी ढवळता ढवळता हिचा हात मागे न बघताच मिठाच्या डब्याकडे गेला. तिथे चहा. मी म्हणालो, ‘अगं, वरून दुसरी फळी, डावीकडून तिसरा. चिठ्ठी वाच की!’ ही फळीकडे तोंड करून उभी राहिली आणि रडायलाच लागली. आवाज नाही, नुसतं पाणी. मग गॅस बंद केला, चपला घातल्या, निघून गेली.

दोन तासांनी आली. कुठे होतीस? ‘चालत होते.’

काय चुकलं ते कळलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

भाजी अळणी. गप्प खाल्ली.

फ्रिजही लावायला घेतला होता. दारात एक बोटभर उंचीची बाटली सापडली, थेंबांची. चिठ्ठी लावायची म्हणून विचारलं, हे कसलं? हिनं हातातून ओढूनच घेतली. ‘सर्दीचं आहे. माझं मला राहू द्या.’ हिला सर्दी कधी झाली?

८ फेब्रुवारी, शनिवार

दाढीला सलूनमध्ये गेलो. घरी करता येते, पण सलूनवाल्याशी गप्पा होतात. समोरचा चपलांच्या दुकानाचा गाळा तीन वर्षं बंद होता, शटरवर गंज. आज बघतो तर शटर वर, काच लख्ख पुसलेली! आत एक तिशीतली मुलगी. केस असे की कंगव्याशी वैर असावं. मी मनातल्या मनात झिपरी नाव ठेवून टाकलं.

सलूनवाला म्हणाला, ‘कला आहे म्हणे. मालकानं गाळा दोन महिने तिला दिलाय.’

काचेवर पाटी: ‘रिकामी खोली. कुणीही या. रोज एक वस्तू आणा, न्या किंवा हलवा.’ आत काय? एक चेपलेली बादली, तीन पायांचं टेबल, बाहुलीचं डोकं आणि कुणीतरी नेऊन ठेवलेला फुटका बाथरूमचा आरसा. घरात नको ते सगळं लोकांनी तिथे नेऊन टाकलंय. याला कला म्हणतात!

‘हे रोज बदलतं,’ सलूनवाला म्हणाला. ‘दुकानदारी होत नाही, पण करमणूक होते.’

११ फेब्रुवारी, मंगळवार

गालाला साबण लावलेला, मान मागे. सलूनच्या आरशात समोरचा गाळा दिसतो. आत कोण? ही!

पदर खोचलेला. बादली उचलून बाहेर ठेवली. मग बाहुलीचं डोकं, मग आरसा, मग टेबल. झिपरी हाताची घडी घालून नुसती बघतेय. दहा मिनिटांत गाळा साफ! मग ही दारात उभी राहिली, एकदा आत बघितलं, आणि निघाली.

सलूनवाल्यानं ओळखलं. ‘काकूच ना?’ मी म्हणालो, ‘छे, छे.’ का खोटं बोललो माहीत नाही.

घरी येऊन वाट बघितली, आता सांगेल. नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मीच विचारलं. जेवताना, सहज विचारावं तसं.

‘तो चपलांचा गाळा उघडलाय म्हणे.’

‘हो. मी जाते तिथे. रोज दुपारी. एक खोली लावतेय.’

‘खोली? कुणाची?’

‘एका बाईची.’

‘कुठल्या बाईची?’

‘आहे एक.’

‘अगं, घर आहे की लावायला!’

ही माझ्याकडे बघून म्हणाली, ‘घर तुम्ही लावलंत ना.’ आणि ताट उचलून गेली.

हे कौतुक होतं की टोमणा? संध्याकाळपर्यंत विचार केला. अर्थ लागला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पाटी बदलली आहे. आता लिहिलंय: ‘खोलीला माणूस मिळालं. आता ती ठरवेल.’

तीन दिवस सलूनमधून टिपणं घेतोय. (दाढी वाढायला सवड नाही, त्यामुळे कधी कल्ले, कधी मान, कधी नुसताच पेपर.) आतापर्यंत आत आलेलं सामान — लोखंडी पलंग, एक. उशी, एक. टेबल भिंतीला लावलेलं. त्यावर पाण्याचा जग, एक. कप, एक. दाराशेजारी खुंटी, एक. आणि भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर एक दोरी, दारापासून पार पलंगापर्यंत. कपडे वाळत घालायला म्हणावी तर फारच खाली.

सगळं एक-एक.

घरी आल्यावर या वहीत नकाशा काढला. मापं नजरेची, पण माझी नजर पक्की आहे, इंचभर इकडे-तिकडे. दार ते पलंग अकरा फूट. पलंग ते टेबल साडेतीन. मध्ये जमीन मोकळी. चटई नाही, स्टूल नाही, काही नाही. कुणाचाही नकाशा समोर ठेवा, पाणी कुठून येणार नि कुठे जाणार ते मी सांगतो. या नकाशात मात्र काय कुठे चाललंय ते सांगता येत नाही.

एकच कप.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखीच चमत्कारिक. ही आत शिरते, चपला डाव्या हाताला काढते, खुंटीला पिशवी लावते आणि डोळे मिटते! मिटूनच दोरीला बोटं लावत पलंगापर्यंत जाते. बसते. उठते. टेबलाशी जाते. जगातून कपात पाणी ओतते. पिते. परत दाराशी येते. असं चार वेळा, पाच वेळा. काचेबाहेर सात-आठ माणसं उभी. झिपरीही बाहेर, त्यांच्यातच.

‘ओठ हलतायत,’ मी म्हणालो. ‘काय म्हणतेय?’

सलूनवाल्याची नजर घारीची. ‘मोजतायत वाटतं.’

‘काय मोजतेय?’

‘दिवस मोजत असतील, काका!’ आणि खदाखदा हसला.

मला हसू आलं नाही. आज कानाजवळ थोडं कापलं, त्याची चूक नाही, मीच हललो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जुन्या ऑफिसातला एकजण भेटला. ‘काय, वहिनी नाटकात उतरल्या की काय? आणि तुम्ही तिकिटं फाडता का?’

हसून साजरं केलं. घरी येईपर्यंत कान गरम.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ताईकडे गेलो. ताई माझी थोरली बहीण, हिच्याशी तिचं माझ्यापेक्षा जास्त जमतं. तिला विचारलं, लग्नाआधी ही कुठे एकटी राहायची का? शिकताना, नोकरीत?

‘छे रे. वडिलांच्या घरून थेट तुझ्या घरी. मध्ये कुठे राहणार?’

‘मग ही खोली कुठली?’

ताईनं चष्मा काढून पुसला. ती असं करते तेव्हा काहीतरी लागणारं बोलते. ‘अरे, चौतीस वर्षं तू ऑफिसला जायचास तेव्हा दहा ते सहा घर तिचं होतं. आता दहा ते सहा तू घरात असतोस. आणि नुसता असत नाहीस. सुधारणा करतोस.’

‘मग मी काय रस्त्यावर बसू?’

‘सलूनमध्ये बसतोस ना?’

म्हणजे ताईलाही माहीत! सगळ्या गावाला माहीत! मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पेपरात आलं! आतल्या पानावर, काचेमागच्या हिच्या फोटोसकट. ‘एकाकी स्त्रीमनाचा हळुवार शोध.’

एकाकी? मी काय मेलोय?

लेकीला फोन केला. ती दूर राहते, तिथपर्यंत पेपर जात नाही, म्हणून मजकूर वाचून दाखवला. ऐकून ती म्हणाली: ‘बाबा, तुम्ही आईला विचारलंत का?’

‘विचारलं. एका बाईची खोली आहे म्हणाली.’

‘तसं नाही. तुला काय होतंय, असं विचारलंत का?’

‘तिला काय होणार? ठणठणीत आहे. रोज जाते-येते.’

‘बरं,’ म्हणाली. हिचा आणि लेकीचा ‘बरं’ सारखाच. त्यात बरं काहीच नसतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोरी काढली. भिंत मोकळी. ही डोळे मिटून दारापासून निघाली, हात अंगाशी, आणि सरळ पलंगाच्या कडेला जाऊन थांबली. गुडघा टेकला, वळली, बसली. बाहेरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि ही हसली. डोळे मिटूनच. आरशातनं बघितलं मी. एवढी मोकळी हसताना घरी शेवटचं कधी बघितलं होतं, आठवत बसलो. मला दुसरं कुणीतरी जिंकल्यासारखं वाटलं. पण कुणी? समोर कुणीच नाही. माणूस असता तर भांडता आलं असतं.

जाऊ दे. असलं काही लिहायचं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पाटीवर ‘कुणीही या’ असं पहिल्या दिवशी होतंच की. मीही कुणीतरीच आहे. ही जायच्या आधी, झिपरी जेवायला गेली असताना, घरचा एक कप नेऊन त्या कपाशेजारी ठेवून आलो. निळ्या काठाचा, माझा.

बघू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कप घरी परत. धुऊन, पुसून, फळीवर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सरळ गाळ्यात गेलो. झिपरी जमिनीवर बसून वहीत काहीतरी काढत होती. हातावर रंगाचे डाग, आवाज मात्र मऊ. बघितल्या बघितल्या म्हणाली, ‘या काका. समोर सलूनमध्ये असता ना?’

मी सरळ मुद्द्यावर आलो. ही खोली कुणाची, आणि माझी बायको इथे डोळे मिटून काय करते?

‘त्यांनाच विचारा ना.’

‘ती माझी बायको आहे!’

‘म्हणूनच.’

मग उठली, मला बसायला पलंग दाखवला. मी बसलो नाही. म्हणाली, ‘मी पहिल्या दिवशी त्यांना विचारलं होतं, इथेच का? घरी का नाही? तर म्हणाल्या, घरी वस्तूंना पाय फुटतात.’

‘आमच्या घरी कुणी चोर आहे असं म्हणायचंय का तिला?’

झिपरीनं तोंडावर हात ठेवला. हसली की काय केलं कळेना. ‘काका, एक विनंती. इथे काही ठेवू नका. कपापर्यंत ठीक आहे. पण नका ठेवू.’

म्हणजे बाकी शहरानं फुटक्या बादल्या ठेवल्या त्या चालल्या. मीच तेवढा नको!

१ मार्च, शनिवार

सकाळपासून वादावादी. दारात माझ्या चपला होत्या, ही अडखळली. ‘किती वेळा सांगू, वाटेत ठेवू नका!’ मी म्हणालो, समोर तर आहेत, एवढ्या मोठ्या, बघून चालावं माणसानं. हिनं वाकून पाय चोळला. नडगीवर एक काळानिळा डाग दिसला, जुना. कशानं? ‘टीपॉय.’ ती मी मधोमध ठेवलेली. आता मधोमधच असतं ना टीपॉय?

चहा ओतताना हिनं कपात बोट घातलं होतं. कडेवरून आत, पेरभर. ‘हे काय, बोट बुडवतेस?’ हिनं बोट काढलं, लाल झालेलं, पदराला पुसलं. ‘मग तुम्ही ओता,’ म्हणाली.

काहीतरी आहे. काहीतरी समोर आहे आणि मला ते उमगत नाही.

दुपारी ही निघाली तेव्हा दारात उभा राहिलो. आज विचारायचंच असं ठरवलं होतं.

‘तुला जायचंय का?’

‘गाळ्यात चाललेय.’

‘तसं नाही. तुला… कायमचं कुठे जायचंय का?’

ही थांबली. माझ्याकडे बघितलं, असं सरळ, रोखून, जसं हल्ली बघते. हिची मान पूर्ण वळते हल्ली, नुसते डोळे वळत नाहीत. ‘कुठे जाणार मी?’ म्हणाली. ‘आणि कशी जाणार?’

आणि माझ्या चपला पायानं चाचपून, बाजूला सरकवून गेली.

‘नाही’ म्हणाली का? नाही म्हणाली नाही.

२ मार्च, रविवार

दिवसभर नकाशा काढत बसलो. पक्का, शाईत. पलंग, टेबल, खुंटी. मग त्यात एक खुर्ची काढून बघितली. टेबलाशी नाही जमत, पलंगाशी नाही. दारातून आत आल्यावर, पलंगाकडे तोंड करून — बरोबर बसते. माणूस भेटायला आलं तर कुठे बसेल? कितीही एकटी राहिली तरी कुणीतरी भेटायला येईलच की!

३ मार्च, सोमवार

घडायला नको ते घडलं. तरी क्रमानं लिहितो.

दुपारी एकला झिपरी जेवायला गेली. मी घरची लाकडी खुर्ची घेऊन गेलो. नकाशात काढली होती तिथेच ठेवली. आणि समोर सलूनमध्ये जाऊन बसलो, दाढी करून घ्यायला. मनात म्हटलं, आत येईल, खुर्ची बघेल, ओळखेल आपल्या घरची. मग रागावेल, नाहीतर हसेल. काहीतरी करेल! इतके दिवस काहीच करत नव्हती, तेच सहन होत नव्हतं.

ही आली. चपला डाव्या हाताला. पिशवी खुंटीला. डोळे मिटले. आणि निघाली, रोजच्यासारखी, भरभर, मान ताठ. आज तर नेहमीपेक्षा जास्तच भरभर.

मी आरशात ओरडलो. आरशात ओरडून कुणाला ऐकू जाणार! गुडघा खुर्चीला, खुर्ची आडवी, ही तिच्यावरून पलीकडे. काचेबाहेर चार-पाच माणसं होती. कुणी हललं नाही! एकानं तर टाळी वाजवली. त्यांना वाटलं, हेही त्यातलंच.

अर्ध्या गालाला साबण, गळ्यात सलूनचा टॉवेल, तसाच रस्ता ओलांडला. एक स्कूटरवाला शिव्या घालत गेला. आत गेलो तर ही जमिनीवर बसून उजव्या हातानं डावं मनगट धरलेलं. डोळे उघडे. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे बघत होती. मग हात लांब करून तिच्या पाठीवरून बोटं फिरवली.

‘आपली आहे,’ म्हणाली.

मनगट मोडलंय. प्लास्टर. सहा आठवडे.

४ मार्च, मंगळवार

सांगून टाकलं. ‘मी ठेवली होती.’

‘माहीत आहे.’

‘भेटायला कुणी आलं तर बसायला म्हणून.’

हिनं प्लास्टरची कड चाचपली. मग म्हणाली, ‘चांगली जागा होती. नकाशात छानच दिसली असेल.’

चेष्टा नव्हती. मला तेच सोसवेना.

‘पण डोळे का मिटतेस? उघडे असते तर दिसली असती ना! दारासमोर तर होती!’

‘उघडे असते तरी कदाचित लागलीच असती,’ म्हणाली. आणि भिंतीकडे कुशीवर वळली.

याचा काय अर्थ? पाच वेळा मनात म्हणून बघितलं. दारासमोरची, हातभर उंचीची खुर्ची. उघडे असते तरी लागली असती. म्हणजे काय?

हिचं मशीन, सोफा, टीपॉय सगळं पूर्वीच्या जागी लावलं. डबेही. चिठ्ठ्या काढल्या. हिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नुसती ओट्यापाशी गेली तेव्हा उजवा हात फळीवरून फिरवला, एकेका डब्यावर थांबत. मी बाहेरच्या खोलीतून बघत होतो. शेवटच्या डब्यापाशी खांदे खाली आले, असं वाटलं.

५ मार्च, बुधवार

झिपरी घरी आली, फुलं घेऊन. डोळे सुजलेले. हिच्या पायाशीच बसली. ‘काकू, माझंच चुकलं. मी जेवायला जायला नको होतं. तुमच्याआधी आत एक चक्कर मारायची असं ठरलं होतं आपलं.’

‘तू काय रोज राखण करणार होतीस का गं?’ ही म्हणाली.

मग झिपरी माझ्याकडे वळली. ‘काका, आता तरी त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?’

‘काय सांगितलं?’

झिपरीनं हिच्याकडे बघितलं, हिनं फुलांकडे. मी एकीकडून दुसरीकडे बघतोय. परीक्षेचा पेपर हातात आणि विषयच दुसरा, असं झालं मला.

ती गेल्यावर हिनं फ्रिजमधली ती बाटली काढायला सांगितली. एका हातानं जमत नव्हतं. मान मागे टेकली आणि म्हणाली, ‘एकेक थेंब. दोन्हीकडे.’

दोन्ही नाकपुड्यांत? असं विचारलं मी. खरंच विचारलं!

हिनं बोटानं स्वतःची खालची पापणी ओढून धरली.

थेंब टाकले. एक गालावर गेला. काही विचारणार तेवढ्यात म्हणाली, ‘उद्या दहाला माझ्याबरोबर चला. तिथेच कळेल. आज काही विचारू नका. आज मला सांगता येणार नाही.’

नाही विचारलं.

६ मार्च, गुरुवार

डोळ्यांचा दवाखाना. तिथली सिस्टर हिला बघून ओळखीचं हसली, हाताला काय झालं विचारलं. मग मला म्हणाली, ‘आपण कोण?’

काचबिंदू. दोन्ही डोळे. दोन वर्षं ही इथे येतेय. डॉक्टरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, आत रुपयाएवढं छोटं. ‘एवढंच दिसतंय आता. बाजूचं गेलं, ते परत येणार नाही. उरलंय ते जितकं टिकेल तितकं टिकवायचं.’ पेन्सिलीनं काढलेलं ते वर्तुळ. मी नुसता त्याच्याकडे बघत राहिलो.

बाहेर बाकावर विचारलं, मला का नाही सांगितलंस?

‘सांगितलं असतं तर त्याच दिवसापासून तुम्ही माझा हात धरला असतात. मला आधी बघायचं होतं, एकटीला जमतं का.’

‘मग? जमतं?’

‘जमायला लागलं होतं.’

उठलो. दवाखान्याच्या दाराबाहेर पायऱ्या. माझा हात पुढे जात होता, तो मी खिशात घातला. ‘चार पायऱ्या आहेत,’ एवढंच म्हणालो.

‘पाच,’ ही म्हणाली, आणि उतरली.

मी मागून मोजल्या. पाचच होत्या.